चौथऱ्यावरचा पाय

११ जानेवारी

मॅनेजरचा सकाळी सकाळी फोन. पुढचे सहा महिने मी एकाही पत्रकाराशी बोलायचं नाही. इतर बोलले तर चालेल, मी नाही. माझी जीभ म्हणे सैल आहे. हे बायकोला सांगितलं तर ती हसली आणि कपाटातून ही जाड वही काढून माझ्यापुढे टाकली. म्हणाली, "इथे काय बोलायचं ते बोल. कागदाला राग येत नाही."

तर बोलतो. बावीस वर्षं आमचा बँड आहे. चार माणसं. आमचं गाणं रेडिओवर लागलं की टॅक्सीवाले आवाज वाढवतात, हे मी मागच्या सीटवर बसून स्वतः पाहिलंय. नोव्हेंबरात आमची गायिका बँड सोडून गेली. आम्ही तिला बाई म्हणायचो, कारण ती शाळेतल्या बाईंसारखी सगळ्यांना सरळ उभं करायची. तिला आता एकटीने गायचंय. तिचा गळा, तिची मर्जी. पण परवा मेहुणाही गेला. बेस गिटार वाजवणारा, माझ्या बायकोचा भाऊ आणि त्याच्याही आधी शाळेत माझ्या शेजारी बसणारा. कारण काय दिलं? गुडघा! उजवा गुडघा दुखतो म्हणून पन्नाशीचा माणूस बँड सोडतो. बेस काय गुडघ्याने वाजवतात?

मी तोंडावर विचारलं, "खरं सांग, बाईने तिकडे बोलावलंय ना?" त्यावर तो काहीतरी लांबलचक पुटपुटला. हल्ली पुटपुटतोच तो. मी "हो हो, कळलं," म्हटलं आणि उठलो.

आज तालमीच्या खोलीवर गेलो आणि पहिलं काम म्हणजे माझ्या ड्रमखालचा लाकडी चौथरा बाहेर काढला. दोन वीत उंच, आतून पोकळ, पहिल्या वर्षापासूनचा. गेली सोळा वर्षं मेहुणा वाजवताना उजवा पाय त्यावर ठेवायचा आणि टाच आपटत राहायचा. प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक गाण्यात. माझा पाण्याचा पेला सांडायचा, स्टूल हादरायचं. हजारदा सांगितलं, बाबा रे, तुझा पाय तुझ्या जमिनीवर आपट. ऐकेल तर शपथ. आता पायच गेला, तर चौथरा कशाला? भंगारवाल्याला सांगितलं, घेऊन जा.

खोली एकदम मोठी दिसायला लागली.

१९ जानेवारी

बैठक. उरलेला बँड म्हणजे मी आणि सरकार. सरकार हा आमचा गिटारवाला. आयुष्यात एकही निर्णय वेळेत घेतलेला नाही, म्हणून सरकार. आज मात्र त्याने चार निर्णय एका दमात सांगितले. अल्बम जूनमध्ये येणार. गाणार तो स्वतः. बेसवर एक नवीन मुलगी येणार. आणि या वेळी आम्ही एका खोलीत एकत्र वाजवायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या काचेच्या खोलीत, हेडफोनमध्ये मशीनची टिकटिक ऐकत वाजवायचं. आजकाल सगळे असंच करतात म्हणे.

मी म्हटलं, "बावीस वर्षं मी तुम्हाला ताल दिला. आता मला मशीन ताल देणार?"

सरकार खिडकीकडे बघत काहीतरी बोलला. मी म्हटलं, हो, बरोबर आहे.

काय बरोबर आहे ते घरी येईपर्यंत आठवत बसलो. नाही आठवलं.

बैठकीला आलेल्या रेकॉर्ड कंपनीवाल्याने जाताना हात घट्ट दाबून सांगितलं, हा अल्बम चालला तर बँड आहे, नाही तर नाही. तेवढं मात्र त्याने मोठ्याने सांगितलं. मी त्याला म्हटलं, ज्या बँडचा ड्रमवाला जागेवर आहे तो बँड जागेवर आहे. मला तसंच वाटतं. गाणारे येतात, जातात. पण तेव्हापासून एका जागी बसवत नाही. जेवताना टेबलावर बोटं वाजवत होतो तर बायकोने माझ्या हातावर हात ठेवला आणि तसाच ठेवून जेवली.

४ फेब्रुवारी

स्टुडिओचा पहिला दिवस. जमिनीवर जाड गालिचा, भिंतींना कापूस. पाय आपटला तरी आवाज नाही, जणू कोणी गिळतंय. रेकॉर्डिस्ट आमचा जुनाच, चौथ्या अल्बमपासूनचा. केस पांढरे झाले, बाकी तसाच. नवीन बेसवाली तिशीची, फार कमी बोलते, आणि सूर-ताल दोन्ही इतके मोजून मापून की मी पहिल्या तासातच तिचं नाव मोजपट्टी ठेवलं. तिला सांगितलंही. ती म्हणाली, "चालेल सर."

टिकटिक ऐकू येत नाही. हेडफोनच बेकार. दुसरे मागवले, तेही बेकार. तिसऱ्या जोडीला आवाज पुरता वर नेला तेव्हा कुठे लांबून आल्यासारखी आली. तर रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून हात हलवायला लागला. आत येऊन म्हणाला, "अहो, तुमच्या हेडफोनातली टिकटिक बाहेर गळतेय. ड्रमच्या माइकमध्ये चक्क रेकॉर्ड होतेय."

मी म्हटलं, "मग माइक बदला."

तो माइक न बदलताच परत काचेपलीकडे गेला. एवढा जुना माणूस, पण नव्या यंत्रांपुढे गडबडतो.

६ फेब्रुवारी

एका गाण्याचे अकरा टेक. सरकार म्हणतो मी मध्येच मागे पडतो आणि मग घाईने पुढे येतो. मी? मी त्याला आठवण करून दिली की बंदरावरच्या त्या कार्यक्रमात, सोळा वर्षांपूर्वी, वीस हजार लोकांपुढे गाणं अर्ध्यात कोसळलं होतं ते कोणामुळे. मेहुण्यामुळे. त्याने स्वतः कबूल केलं होतं, माइकवर, सगळ्यांची माफी मागून. चूक बेसची असते, बोट ड्रमकडे दाखवतात. सरकार गिटार जुळवायला लागला.

तरी एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण इथे कोणी वाचत नाही. सातव्या टेकला मला खरंच कळेना मी कुठे आहे. हात चालत होते आणि खाली काहीच नव्हतं, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं. घाम फुटला. हे गालिच्यामुळे असेल. गालिच्यावर कोण ड्रम वाजवतं?

१५ फेब्रुवारी

मोजपट्टीने आज एक विचित्र हट्ट केला. आपल्या काचेच्या खोलीतून उठली, गिटार घेऊन माझ्या खोलीत आली आणि माझ्यासमोर स्टूलवर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. म्हणाली, "सर, हेडफोन काढा. माझ्या हाताकडे बघा."

मी म्हटलं, "मी काय नवशिका आहे?"

"नाही सर. मी आहे. मला तुमचा आधार लागतो."

असं कोणी म्हटलं की माझा राग विरघळतो. वाजवलं. तिचा अंगठा तारेवर पडायचा, मी बघायचो आणि ठोका द्यायचो. पहिल्याच टेकला झालं. सावकाश गाणं आहे, सरकारने बाई गेल्यावर लिहिलेलं. बरं वाजलं. पोरीला आधार मिळाला याचं समाधान वाटलं. पण रोज असं हाताला धरून कोणाला शिकवत बसणार? उद्यापासून तू तुझ्या खोलीत, असं तिला सांगून टाकलं.

२ मार्च

मेहुण्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हणजे निमित्त एवढं पुढे न्यायची तयारी आहे तर! बायको चार दिवस दवाखान्यात होती. मला म्हणाली, "एकदा तरी ये. तो विचारतो तुझं." मी म्हटलं, कामं आहेत. कामं होतीच.

संध्याकाळी दोघं फिरायला गेलो. ती नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या बाजूला. एकदा गंमत म्हणून मी बाजू बदलली, तर ती मागून वळसा घालून परत उजवीकडे आली. बायकांना कशाकशाच्या सवयी असतात! फ्रिजवर तिने एका डॉक्टरचं कार्ड चुंबकाखाली लावलंय, महिना झाला. कानाचा डॉक्टर. मी विचारलं, "तुला काय होतंय?" ती म्हणाली, "मला काही नाही." मग लावलंय कशाला? मी त्यावर दूधवाल्याची चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी कार्ड परत वर आलं.

२१ मार्च

ड्रमचं काम संपलं, आणि मला वाटलं होतं त्याच्या अर्ध्या वेळात. शेवटच्या सहा गाण्यांना तर कोणी एकही टेक परत मागितला नाही. वाजवलं की काचेपलीकडून अंगठा वर. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "झालं, आता पुढचं आम्ही बघतो." सरकारने पाठीवर थाप मारली, पण नजर दुसरीकडे. गाण्याचं टेन्शन असणार बिचाऱ्याला. आवाज कसा लागतोय देव जाणे.

शेवटी मशीनही माझ्यापुढे नमलं म्हणायचं.

९ मे

अल्बम हातात आला. गाडीत बसून सगळा ऐकला, आवाज पूर्ण वर. बायको दुसऱ्या गाण्याला कानांवर हात ठेवून खाली उतरली आणि फुटपाथवर उभी राहिली.

सरकारचा आवाज लहान आहे, हे मान्य करावं लागेल. बाईच्या जागी गायला उभं राहणं म्हणजे दुसऱ्याच्या बुटात पाय घालणं. बूट वाजतात, चाल येत नाही. बेस स्वच्छ. पण ड्रम! एक ठोका इकडचा तिकडे नाही. मला स्वतःला ओळखू आलो नाही इतका नेमका वाजलोय. पन्नाशीनंतर माणूस सुधारतो म्हणतात ते खोटं नाही. फक्त त्या सावकाश गाण्यात, मोजपट्टीसमोर बसून वाजवलेल्या, थोडा ढिला वाटलो. ते वगळायला हवं होतं.

  

१३ जून

अल्बम बाजारात. मॅनेजरने आज जिभेवरची बंदी उठवली आणि मी ती पुरेपूर वसूल केली. एका मुलाखतकाराने विचारलं, मेहुण्याशिवाय कसं वाटतं? मी म्हटलं, "पायाखालची धडधड थांबली. सोळा वर्षं तो माझ्या चौथऱ्यावर पाय ठेवून माझ्याकडून ताल उसना घेत होता. आता त्याला कळेल ताल कोणाचा होता."

सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो तर बायकोने रेडिओवर ऐकलेलं होतं. जेवली नाही. काहीतरी म्हणाली, पाठ माझ्याकडे करून, नळ चालू ठेवून. मी म्हटलं, "हो ना." तशी ती वळली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी ती तिच्या आजारी आईकडे बघायची. "मी काय म्हटलं ते तरी कळलं का तुला?" हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. मी म्हटलं, तुझं सगळं कळतं मला.

ती आत निघून गेली.

२० जून

परीक्षणं आली. सगळ्यांचा सूर एकच: निराशा. सरकारच्या आवाजाला धू धू धुतलंय, त्याचं वाईट वाटलं. पण एकाने माझ्यावर अर्धा स्तंभ खर्च केलाय. ते कात्रण इथे चिकटवणार होतो, पण फाडून टाकलं. एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतो. "या बँडचा ड्रम नेहमी केसभर उशिरा पडायचा आणि त्या केसभर उशिरावर लाखो लोक डोलायचे, या अल्बमात सगळं वेळेवर आहे आणि एका सावकाश गाण्याशिवाय कुठेही माणूस वाजवतोय असं वाटत नाही."

म्हणजे नेमकं वाजवलं तो गुन्हा! आणि आवडलं काय, तर ते ढिलं गाणं! दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. बायको म्हणाली, कुठेतरी बस. मला बसताच येत नाही. बसलं की पायाखालची जमीन फार शांत वाटते.

२८ जून

काल पहिला कार्यक्रम होता.

लिहायचं नाही.

२९ जून

लिहितो. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

सिमेंटचा रंगमंच. सभागृह पाऊण भरलेलं. नवीन तीन गाणी कशीबशी पार पडली. मग आमचं सगळ्यात जुनं गाणं, जे मी झोपेत वाजवतो. दुसऱ्या कडव्यात पायाखाली पुन्हा ते पायरी नसल्यासारखं. सरकारच्या तोंडाकडे बघत होतो, तो गातोय हे दिसत होतं, कुठे गातोय ते कळत नव्हतं. मोजपट्टी माझ्याकडे धावत येताना दिसली. मग सरकारने गिटारवरून हात काढला. मोजपट्टीही थांबली. मी एकटाच वाजवत होतो, आणि किती वेळ ते मला सांगता येणार नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या नाहीत. मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

बंदरावर असंच झालं होतं. अगदी असंच. आणि तेव्हा बेसवर मोजपट्टी नव्हती, मेहुणा होता. मग दोन्ही वेळा सारखा असलेला माणूस कोण?

हा प्रश्न मी लिहिला आहे आणि त्याकडे बघत बसलोय. मला भीती वाटतेय.

१ जुलै

रेकॉर्डिस्टकडे गेलो. सरकारकडे नाही, सरकार खोटं बोलला असता आणि ते मला पटलं असतं. म्हटलं, "माझे मूळ ड्रम ऐकवा. अल्बममधले नाही. मी वाजवलेले."

तो उठला, दार लावलं, माझ्या समोर खुर्ची ओढून बसला आणि तोंड माझ्याकडे करून सावकाश बोलला. आता वाटतं, हा माणूस फेब्रुवारीपासून माझ्याशी तसाच बोलत होता. नऊ गाण्यांपैकी पाच गाण्यांत माझा एकेक ठोका उचलून टिकटिकीवर नेऊन बसवलाय. तीन गाण्यांत तेही जमण्यासारखं नव्हतं. तिथे मी नाहीच. मशीन आहे. एकच गाणं जसंच्या तसं ठेवलं.

"सावकाश गाणं," मी म्हटलं.

"ते तुम्ही वाजवलंय."

गाडीत मी ज्याच्यावर खूश झालो होतो तो मी नव्हतो. आणि वगळायला हवा होता तो मी होतो. ओरडावंसं वाटलं, ओरडलो पण नाही. विचारलं, "पण आधी तर असं नव्हतं. चौथा अल्बम. तेव्हा कुठे मशीन होतं?"

त्याने उठून कपाटातून चौथ्या अल्बमचं जुनं रेकॉर्डिंग काढलं. सगळी वाद्यं बंद केली, फक्त माझ्या ड्रमचे माइक चालू ठेवले. मग माझा हात धरला आणि स्पीकरच्या कागदी पडद्यावर पालथा ठेवला.

ठोके बोटांना लागले. माझा उजवा पाय, जड ड्रमवर. ओळखीचा. आणि त्याच्या मध्ये, प्रत्येक मात्रेला, केसभर आधी, आणखी एक धप्प. लाकडावर टाच पडल्यासारखा. तो धप्प यायचा आणि त्यामागून मी. तो यायचा आणि मी. गाणं पाच मिनिटांचं आहे. पाच मिनिटं एकदाही तो माझ्या मागून आला नाही.

मी म्हटलं, "हा पाय माझा नाही."

रेकॉर्डिस्ट म्हणाला, "नाही. तो काढून टाकायला मी त्या वेळी दोन दिवस झटलो होतो. तुमच्या मेहुण्याने हात जोडले. म्हणाला, कमी करा, काढू नका. आणि याला सांगू नका."

६ जुलै

पाच दिवस कोणाशी बोललो नाही. आधी राग आला. सगळ्यांचा. सगळ्यांना ठाऊक आणि मीच तेवढा वेडा. मग राग गेला आणि त्याच्या जागी लाज आली, आणि ती जाईना. रेडिओवर मी काय बोललो ते एकेका शब्दासकट आठवतं. चौथरा मी स्वतःच्या हाताने भंगारात काढला. आपल्याच पायाखालचं लाकूड काढून देणारा मूर्ख कोणी पाहिलाय का?

आज सकाळी फ्रिजवरचं कार्ड काढलं. बायको भाजी निवडत होती. तिने वर पाहिलं नाही, पण तिचे हात थांबले.

डॉक्टरने काचेच्या पेटीत बसवलं, हेडफोन दिले, म्हणाले आवाज आला की बटण दाबा. मी बसून होतो. बराच वेळ झाला तरी काही सुरू करेनात म्हणून मी काचेतून खूण केली. डॉक्टर म्हणाले, "दहा मिनिटं झाली सुरू करून." डावा कान जवळजवळ गेलाय. उजव्याने वरचे बारीक आवाज सोडलेत, खालचे जाड तेवढे ऐकतो. वीस वर्षांची झीज आहे म्हणाले. झांजेच्या शेजारी बसून आयुष्य काढल्यावर दुसरं काय होणार? यंत्र मिळेल. यंत्राने संभाषण होईल, दौरे होतील की नाही ते सांगता येत नाही.

परत येताना बायकोला विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

"बंदरापासून," ती म्हणाली. उजव्या बाजूने.

१० जुलै

बायकोबरोबर मेहुण्याकडे गेलो. गाडीत ड्रमचे दोनच नग टाकले, पायाचा आणि मधला, आणि स्टूल. का टाकले ते बायकोने विचारलं नाही.

तो गाडी ठेवायच्या खोलीत खुर्ची टाकून बसला होता, हातात काठी, गुडघ्याला पट्टा. आणि त्याच्या समोर माझा चौथरा. भंगारवाल्याकडून परत आणलेला. एका कोपऱ्यात फळी झिजून खोलगट झालीये, टाचेएवढी. बावीस वर्षं मी त्याच्यावर बसलो आणि तो खळगा मला कधी दिसला नाही.

मी म्हटलं, "गुडघा कसा आहे?"

"डॉक्टरने विचारलं, पायाने चालवायच्या मशीनवर कामाला होता का? मी म्हटलं, हो. जुनं मशीन होतं, फार कुरकुर करायचं. पण चालायचं छान."

तो माझ्याकडे तोंड करून बोलत होता. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. पन्नाशीच्या माणसाने मेहुण्यासमोर रडणं बरं दिसत नाही, पण रडलो.

"बंदरावर गाणं मी पाडलं ना?"

त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग म्हणाला, "तू वाजवत राहिलास. आम्ही पडलो."

"आणि माफी तू मागितलीस."

"कोणीतरी मागायला हवी होती. लोक उभे होते."

"मला सांगायचं होतंस रे."

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी काठ्या खाली ठेवल्या असत्यास. मी ओळखतो तुला. आणि मग मी कोणाबरोबर वाजवलं असतं?" काठीने त्याने जमिनीवर रेघ ओढली. "जानेवारीत सांगितलं की सगळं. पाय, कान, सगळं. तू म्हणालास, हो हो, कळलं."

मी स्टूल चौथऱ्यावर ठेवून त्यावरच बसलो. त्याला म्हटलं, रेडिओवर मी बोललो ते चुकलं, तसंच जाहीर बोलून दुरुस्त करणार. तो म्हणाला, आधी वाजव, मग बोल. तुझं बोलणं नेहमी लवकर येतं. मग सांगितलं की दौऱ्याला मी नाही, सरकारला काल कळवलं; तो फोनवर रडला आणि मी समजून घेतलं, म्हणजे जेवढं ऐकू आलं तेवढं. मोजपट्टीने चिठ्ठी पाठवलीये, तिला माझ्यासमोर बसून आणखी वाजवायचंय. त्या पोरीने मला आधार दिला होता, आणि मला वाटलं होतं मी तिला देतोय.

बावीस वर्षं प्रत्येक गाण्याआधी चार मोजायचे ते मी. काठीवर काठी, एक दोन तीन चार, आणि सगळे माझ्यामागे. तो आमचा रिवाज होता. आजही सवयीने काठ्या वर गेल्या. मग खाली घेतल्या.

म्हटलं, "तू मोज."

त्याने काठी उचलली, चौथऱ्याच्या त्या खळग्यात टेकवली आणि चारदा आपटली. पहिला ठोका फळीतून वर आला, स्टुलातून, पाठीच्या कण्यातून. किती महिन्यांनी पायाखाली जमीन लागली. मी त्याच्यामागून वाजवायला लागलो. केसभर उशिरा.

एकच गाणं वाजवलं, सगळ्यात जुनं. कुठेही पडलं नाही. संपलं तेव्हा बायको दारात उभी होती, डाव्या बाजूला. ओठ हललेले दिसले. मी "हो हो" म्हणायला तोंड उघडलं.

मग म्हटलं, "मला ऐकू आलं नाही. परत सांग."

ती चौथऱ्याला वळसा घालून माझ्या उजवीकडे आली, वाकली आणि म्हणाली, "चहा टाकू का, विचारत होते."